संकेश्वरला उतरलेली बाई

अण्णा,

तुझ्या शोकसभेला हॉल भरला होता. वडगाव-शहापुरातले मागवाले आले होते, कॅम्पातल्या शाळेतले दोन निवृत्त मास्तर आले होते, उचगावहून तर टेम्पो भरून माणसं आली होती. एकेक जण उठायचा आणि सांगायचा, की हा माणूस जन्मभर खरं बोलला. दिवसा पॉवरलूम चालवली, संध्याकाळी नाटकं केली, आणि दोन्हीकडं खोटा धागा लावला नाही. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही कुणाला सुचलं नाही, इतकं ते वाक्य लोकांना पटलं.

मी वैनीजवळ बसले होते. सूत्रसंचालकानं पुकारलं, "आता निपाणीच्या त्यांच्या मावसबहीण दोन शब्द बोलतील." मी मान हलवली. घसा बसलाय, असं खुणेनं सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण मावसबहीण म्हणून उठले असते तर पहिलाच शब्द खोटा झाला असता, आणि सख्खी बहीण म्हणून उठले असते तर तुझ्या सभेचं नाटक झालं असतं. आपल्या घरात नाटक करायचा हक्क तुझ्या एकट्याचा.

तेव्हा इथं बोलते. आता तू मधेच चहाचं विचारून विषय बदलू शकणार नाहीस.

मे महिन्याच्या सुट्टीत आबा मला निपाणीला बेळगावच्या बसमध्ये बसवून द्यायचे आणि तू स्टँडवर घ्यायला यायचास. आबा तंबाखूच्या वखारीत कामाला, त्यामुळं आमच्या घरातल्या सगळ्या कपड्यांना तो वास. तू मला उचलून घ्यायचास आणि खोटं खोटं शिंकायचास. मी चिडायचे, मग तू मला खांद्यावर बसवायचास. तू तेव्हाच मोठा बाप्या होतास, मिशी राखलेला. वडगावातल्या घरी दिवसभर माग धडधडायचे. संध्याकाळी ते थांबले की तू तोंड धुऊन, केसांना तेल लावून तालमीला निघायचास आणि माझं बोट धरायचास. शाळेच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला लावून तुमची तालीम चालायची. मला नीट वाचता यायला लागलं तसं तू मला विंगेत उभं केलंस. "कोण अडलं की सांगायचं. हळू सांगायचं, पण वेळेवर."

वर्गात उभं राहून कविता म्हणताना पाय कापणारी मी, अंधारातून मोठमोठ्या माणसांना त्यांचे शब्द पुरवू लागले. पोस्टात नोकरी लागल्यावरसुद्धा रविवार धरून यायचे. हे तू मला दिलंस. ते मी नाकारत नाही, आणि नाकारता येत नाही म्हणूनच पुढचं जास्त टोचतं.

उचगावच्या यात्रेतला तो प्रयोग तुला आठवत असणार. पहिला अंक संपतोय तोवर लाईट गेली. आता प्रयोग बुडाला म्हणून आपण पेट्या भरायला लागलो, तर गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन आली. स्टेजसमोर ओळीनं उभे केले आणि हेडलाइट लावले. इंजिनांच्या आवाजावर ओरडून ओरडून तुम्ही उरलेलं नाटक केलंत. परत येताना मी तुला विचारलं होतं, "ह्यांना नाटक कशाला पाहिजे असतंय रं अण्णा? त्यांच्याच घरातलं रडगाणं दाखवतोय आपण."

तू म्हणालास, "घरात रडताना माणूस एकटा असतोय. हितं शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून रडतोय. त्यासाठी डिझेल जाळलं बघ त्यांनी."

मला ते इतकं पटलं होतं, की पुढं कित्येक वर्षं मी ते स्वतःचं म्हणून लोकांना सांगत होते.

आता ती गोष्ट. आपल्या दोन्ही घरांत लग्नकार्यात पंगती उठल्या, बायका पान लावायला बसल्या, की कुणीतरी हमखास काढायचं. मी बेळगावच्या दवाखान्यात जन्मले. आईला दूध नव्हतं. त्याच सुमाराला मावशी बाळंत झालेली, तिचं मूल चार दिवसांत गेलेलं. म्हणून तिनंच मला अंगावर पाजलं आणि मी जरा बाळसं धरल्यावर निपाणीला पोचवायला निघाली. बसमध्ये तिचा डोळा लागला. दचकून जागी झाली, निपाणी आली असं वाटलं आणि ती अलीकडच्या संकेश्वरलाच उतरली. बस गेली निघून. इकडं निपाणीच्या स्टँडवर आबा आणि आई हवालदिल. "आमच्या आक्काला संकेश्वर कुठलं आणि निपाणी कुठलं ते कळंना!" असं म्हणून आई पोट धरून हसायची. मावशी तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं तीही हसतेय.

तू तिथंच असायचास. त्या वेळचा तुझा चेहरा आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. तुझं नवं नाटक स्पर्धेत होतं. या वेळी तू मला विंगेत बोलावलं नाहीस. फोनवर म्हणालास, "या खेपेला तू समोर बसून बघ. मावशीलाबी आण." तुझी मावशी म्हणजे माझी आई. मला आनंद झाला, की इतक्या वर्षांनी मी प्रेक्षक होणार. तुझ्याच मागावरची साडी नेसून आले. आई आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो.

स्टेजवर चार खुर्च्या, ती बस. तुमच्या मंडळातल्या सुनंदानं विणकराच्या बायकोचं काम केलं होतं. तिच्या हातात कापडाचं गाठोडं, ते तान्हं मूल. तू कंडक्टर झाला होतास, खाकी शर्ट घालून. हिच्या बहिणीला मूल होत नाही, नवऱ्यानं मेव्हणीला शब्द देऊन टाकलाय, आणि ही आपली पोटची पोर द्यायला निघाली आहे. इथपर्यंत मी जुन्या सवयीनं बघत होते. कोण कुठं श्वास घेतंय, कुणाचं वाक्य सुटतंय.

मग तू हाक दिलीस, "संकेश्वर, संकेश्वर!"

आणि ती बाई उठली. तिचा डोळा लागला नव्हता. टक्क जागी होती ती. ती मुद्दाम उतरली. बेळगावकडं जाणाऱ्या बसची वाट बघत ती स्टेजच्या कडेला उभी राहिली आणि गाठोड्याशी बोलायला लागली. "घरी जाऊया गं आपण. वाट चुकली म्हणून सांगू."

माझ्या शेजारी आईनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. ती स्टेजकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

मला कळलं. बावीस-पंचवीस वर्षं ज्या गोष्टीवर मी हसत आले, ती माझ्या आयांची गोष्ट होती, दोघींची, आणि ती मला तिकीट काढून बघावी लागली.

पुढं तू कंडक्टर होऊन परत आलास. "बाई, बसा बघू. मागं जाणारी गाडी न्हाय आता." ती चढली. पडदा पडला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मीही उभी राहिले. सगळे उभे असताना एकटीनं बसून राहिलं तर लोक बघतात.

मी आत आले तेव्हा तू आरशासमोर रंग पुसत होतास. मी विचारलं, "अण्णा, संकेश्वरचं खरं हाय?"

तू आरशातूनच बघितलंस. "नाटक हाय गं ते. नाटकासारखं बघ."

तेवढ्यात कुणीतरी हार घेऊन आलं आणि तू फोटोला उभा राहिलास.

निपाणीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. हत्तरगी गेल्यावर तिनं विचारलं, "आवडलं नाटक?" मी म्हटलं, "व्हय." तिच्या मरेपर्यंत आम्ही त्यावर एवढंच बोललो.

पण त्या दिवसापासून आई माझ्यावर ओरडायची थांबली, अण्णा. तुला याची किंमत कधी कळली नाही. माझी आई म्हणजे तोंडाचा पट्टा. भाजीत मीठ कमी पडलं तरी आळीला ऐकू जायचं. लग्न होऊन दोन पोरांची आई झाले तरी मी गेले की आधी दहा शिव्या, मग भाकरी. ती बाई एकदम मऊ बोलायला लागली. "बस हं, दमली असशील." "घेतेस का गं थोडं?" पाहुण्यासारखं. जणू मी आता कधीही उठून आपल्या घरी निघून जाईन. मी मुद्दाम भांडी आपटायचे, दूध उतू घालवायचे. ती निमूट पुसून घ्यायची. तिनं मला पुन्हा एकदा ओरडून बोलावं म्हणून मी काय काय केलं, ते सांगत बसत नाही.

पुढं पावसाळ्यात मी एकटीच वडगावला आले. तू मागावर होतास. तीन माग चालू होते, शेडमध्ये कानाला काही ऐकू येत नव्हतं. मी तुझ्यासमोर उभी राहिले. तू धोट्यावरची नजर न काढता काहीतरी बोललास. तुझे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालास?"

तू परत बोललास. या वेळी मी ओठ वाचले. विंगेत उभं राहून ते मी शिकले होते. तू म्हणालास, "व्हय. तू माझी सख्खी बहीण हाईस."

मी ओरडले, "माग बंद कर आणि बोल!"

तू एकेक करून तिन्ही माग बंद केलेस. शेडमध्ये एकदम शांतता झाली, बाहेर पन्हळीतून पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. मी थांबले. तू रुमालानं हात पुसलेस, माझ्याकडं बघितलंस, परत हात पुसलेस. आणि म्हणालास, "चहा घेणार?"

भरल्या हॉलसमोर तुझी जीभ अशी कधी अडली नव्हती.

त्यानंतर आपण भांडत राहिलो, लग्नांत, बारशात, फोनवर. तू म्हणायचास, "तोंडानं सांगितलं असतं तर ती नुसती बातमी झाली असती. तू माझ्या आईवर चिडली असतीस. नाटकात तू तिच्या जागी उभी राहिलीस." मी म्हणायचे, "मी माझ्या जागी तरी कुठं होते? तुझ्या नाटकात मी कापडाचं गाठोडं होते. गाठोड्याला एक वाक्य दिलं न्हाईस." तू म्हणायचास, "सगळा हॉल रडला." मी म्हणायचे, "त्यांची आई नव्हती ती. त्यांना घरी जाऊन जेवता आलं." एकदा मी तुला आईचं सांगितलं, ती ओरडायची थांबली ते. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "त्याचं मला वाईट वाटतंय. पण नाटकाचं न्हाय." तुझ्याशी मी जितकी भांडले त्यात हे एकच वाक्य मला प्रामाणिक वाटलं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं.

एवढी मोकळीक मी तुला दिली होती, की कुठंही प्रयोग कर, फक्त निपाणीत नको. तू कबूल झालास. आई गेल्यावर वर्ष उलटायच्या आत निपाणीत बोर्ड लागले. मी फोन केला. "आता मावशी न्हाईत," तू म्हणालास. मी होते की, अण्णा! मी त्याच गावात राहते, त्याच गावात पोस्टाच्या खिडकीवर बसते.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर दुसरा विषय नव्हता. एक बाई रजिस्टर पोस्ट करायला आली होती, डोळे अजून सुजलेले. मला म्हणाली, "त्या पोरीला पुढं कळलं का हो? नाटकात दाखवलं न्हाय त्यांनी." मी शिक्का मारता मारता म्हटलं, "मला काय माहीत." तिच्या मागची म्हातारी म्हणाली, "पोरीचं जाऊ दे. पण कशी म्हणायची ती आई? एवढं उतरली, आन् परत आपल्या पायानं बसमधी चढली की." दोघी त्यावर बोलत बाहेर गेल्या.

कला लोकांची असते, असं तू छातीवर हात ठेवून सांगायचास. लोक म्हणजे कोण, हे मी तुला कितीदा विचारलं. खिडकीच्या त्या बाजूला होते तेवढेच? अलीकडची एक त्यात धरायची नाही?

वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही. मग तुझ्या छातीत दुखलं म्हणून कळलं, मी आले, तू दवाखान्यात खाटेवर बसून खोटं खोटं शिंकलास. मी हसले. त्यावर भागवलं आपण. परत कधीतरी सगळं काढून बसू असं मला वाटत होतं. तुलाही वाटत असेल. मग या खेपेला दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीस.

मावशीशी मात्र मी यावर कधीच बोलले नव्हते. तिनं आपणहून काढलं तर ऐकायचं, असं ठरवलं होतं. तिनं काढलं नाही. तुझ्या नाटकालाही तू तिला कधी नेलं नाहीस. गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत, असं सांगायचास.

तुझं दिवसकार्य झालं, माणसं पांगली, तेव्हा ती आतल्या खोलीत बाजेवर बसली होती. मी पाणी घेऊन गेले. तिनं पेला घेतला नाही, माझं मनगट धरलं.

"त्यो हुता की संगट," ती म्हणाली.

"कोण मावशी? कुठं?"

"अण्णा तुझा. संकेश्वरला. पिशवी घेऊन आलता माझ्यासंगं. तवा नुकताच मागावर जायला लागलेला. मी उतरले तसा त्योबी उतरला. मी म्हटलं, चल, घरी जाऊया. त्यो म्हटला, आई, आप्पांनी शब्द दिलाय, मागं गेलो तर आप्पा तुला घरात घेणार न्हाईत. मी ऐकंना. मग त्यानं तुला माझ्या हातातनं काढून घेतलं आन् समोर निपाणीची गाडी लागली हुती त्यात जाऊन बसला." तिनं माझं मनगट सोडलं. "पोर त्याच्याकडं. मी काय करणार? मागनं चढले."

मी पेला खाली ठेवला.

तुझ्या नाटकात त्या बाईबरोबर मुलगा नाही. ती एकटी उतरते, एकटी उभी राहते आणि एका परक्या कंडक्टरनं बसा म्हटल्यावर बसते. दहा वर्षं गावोगावी तू ती खाकी घालून मागं जाणारी गाडी नाही म्हणून सांगत होतास, आणि मला वाटायचं की लहान काम म्हणून तू ते स्वतःकडं ठेवलंस. तू तिथं रोज स्वतःलाच उभं करत होतास. तुला किती जड गेलं असेल ते मला समजतं. मिसरूडही न फुटलेला पोरगा, बापाच्या धाकातला. आईला घर राहावं म्हणून केलंस. मी तुला माफ केलं असतं, अण्णा, त्याच दिवशी, मागाच्या शेडमध्ये केलं असतं. पण तू खाकीत लपलास आणि सगळा भार तिच्यावर टाकलास. निपाणीच्या त्या म्हातारीनं 'कशी म्हणायची ती आई' म्हटलं, ते तू लिहिल्याप्रमाणंच म्हटलं. माझ्याशी दगा केलास त्याबद्दल मी आयुष्यभर भांडले असते. तिच्याशी केलेल्या दग्याबद्दल कुणाशी भांडू? तिला नाटकाला न नेण्याचं कारण गुडघे नव्हते, हे आता मला कळतं.

लोक म्हणतात तू खरं बोललास. निम्मं बोललास.

काल इराण्णा इथं वडगावच्या घरी आला होता. तुझा लाईटवाला, तुझ्या प्रत्येक दौऱ्यात टेम्पोत पुढं बसणारा. कन्नड मिसळत, अडखळत त्यानं सांगितलं, की तुझ्या आठवणीत तेच नाटक करायचं ठरतंय. बेळगावात एक प्रयोग, निपाणीत एक. कंडक्टरचं काम दुसरा कुणीतरी करेल. "आन् आक्का, विंगेत तुम्ही उभारा. नवीन माणूस हाय, अडला तर सांगायला पाहिजे की."

मी म्हटलं, "उभारते. पण बाईच्या शेजारी एक पोरगा बसवायला पाहिजे. पिशवी घेऊन. संकेश्वरला तो तिच्या हातातनं मूल काढून घेतोय आणि गाडीत जाऊन बसतोय. मग बाई चढतीया."

इराण्णानं चहाचा कप खाली ठेवला. "अण्णांनी लिहिलेलं बदलायचं? ते चालतंय व्हय?"

"थांब," मी म्हटलं, आणि आत गेले.

मावशी शेंगा निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं. म्हटलं, मावशी, संकेश्वरचं आहे तसं दाखवायचं म्हणते, अण्णासकट. तुझी ना असेल तर नाटकच नको करायला.

तिचे हात थांबले. भिंतीवरच्या तुझ्या हार घातलेल्या फोटोकडं तिनं बघितलं, मग माझ्याकडं.

"दाखवा," ती म्हणाली. "झालंय तसं दाखवा." आणि मी उठायला लागले तसा माझा हात धरून म्हणाली, "पर त्याला लई वाईट दाखवू नगा. सकाळधरनं उपाशी हुतं पोरगं. निपाणीत ताट वाढलं तरी जेवला न्हाय."

बाहेर इराण्णाचा चहा अजून संपला नव्हता. विचारायला एवढाच वेळ लागतो, अण्णा.